बहुपर्यायी एम्बेडेड सॉफ्टवेअरची स्वयंचलित चाचणी

बहुपर्यायी एम्बेडेड सॉफ्टवेअरची स्वयंचलित चाचणी हा सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतील एक अभ्यासविषय आहे. एखाद्या यंत्राच्या आत कायमस्वरूपी बसवलेल्या आणि त्या यंत्राचे नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरला एम्बेडेड सॉफ्टवेअर म्हणतात. असे सॉफ्टवेअर बहुधा एकाच यंत्रापुरते लिहिले जात नाही; एकच मूळ आज्ञावली वेगवेगळे पर्याय निवडून अनेक यंत्रांत, अनेक रूपांत वापरली जाते. निवडलेल्या पर्यायांच्या एका संचाला कॉन्फिगरेशन किंवा पर्यायसंच असे म्हणतात. शक्य असलेल्या पर्यायसंचांपैकी कोणते तपासायचे, ते माणसाच्या हाताऐवजी संगणकाकडून कसे तपासून घ्यायचे आणि मिळालेला निकाल बरोबर आहे हे कशावरून ठरवायचे, हे या विषयातील तीन मुख्य प्रश्न होत.

मोटारींचे इंजिन नियंत्रक, वैद्यकीय उपकरणे, विजेचे मीटर, दूरध्वनी केंद्रे, कृषिपंपांचे स्टार्टर आणि अग्निबाण या सर्वांत हा प्रश्न उद्भवतो. पर्यायांची संख्या थोडी वाढली तरी पर्यायसंचांची संख्या प्रचंड वाढते आणि सर्व संच तपासणे अशक्य होते. त्यामुळे प्रत्येक चाचणी ही अखेर एक निवड असते. तपासलेला संच आणि प्रत्यक्ष वापरातला संच यांत अंतर पडले, तर चाचणीतील यशाला अर्थ उरत नाही. इ.स. २०१५ च्या फोक्सवॅगन उत्सर्जन प्रकरणात हे अंतर जगासमोर आले. त्या प्रकरणाची भारतातील तांत्रिक तपासणी पुण्यात झाली.

पर्याय केव्हा ठरतात

पर्याय निवडण्याची वेळ सर्वत्र सारखी नसते आणि चाचणीचा खर्च बव्हंशी या वेळेवर अवलंबून असतो. सी भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीत सशर्त भाग असतात. संबंधित पर्याय निवडला नसेल, तर ते भाग कंपाइल करण्यापूर्वीच गाळले जातात आणि तयार आज्ञावलीत त्यांचा मागमूसही उरत नाही. अशा पर्यायाची चाचणी करायची म्हणजे दर वेळी आज्ञावली नव्याने तयार करून यंत्रात भरावी लागते. काही पर्याय आज्ञावलीचे स्वतंत्र भाग एकमेकांना जोडताना ठरतात, तर काही तयार आज्ञावली नियंत्रकात भरल्यानंतर. मोटारउद्योगातील कंपन्यांनी इ.स. २००३ मध्ये सुरू केलेल्या ऑटोसार या प्रमाणित रचनेत हे तीनही टप्पे स्वतंत्रपणे मानले आहेत.

पर्यायांखेरीज आकडेही असतात. इंजिनाच्या नियंत्रकात कोणत्या वेगाला आणि कोणत्या भाराला किती इंधन सोडायचे, कितव्या अंशाला सोडायचे, निकास वायूचा किती भाग परत इंजिनात वळवायचा, हे सांगणारे हजारो आकडे आणि तक्ते साठवलेले असतात. आज्ञावली तीच ठेवून केवळ हे तक्ते बदलले, की तेच इंजिन वेगळ्या गाडीत किंवा वेगळ्या देशात चालवता येते. मोटारींच्या कार्यात्मक सुरक्षिततेसंबंधीचे आयएसओ २६२६२ हे मानक इ.स. २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पर्यायांच्या आणि आकड्यांच्या अशा दोन्ही प्रकारच्या माहितीसाठी वेगळे परिशिष्ट असून ही माहितीही आज्ञावलीइतक्याच काटेकोरपणे तपासली जावी अशी अपेक्षा आहे.

या आकड्यांची सूक्ष्मता डिझेल इंजेक्टरवरून लक्षात येते. नाशिक येथील बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टरांचे उत्पादन होते. एकाच यंत्रावर तयार झालेल्या दोन इंजेक्टरांतून बाहेर पडणाऱ्या इंधनाच्या मात्रेतही किंचित फरक असतो. कॉमन रेल पद्धतीच्या अनेक इंजेक्टरांवर हा फरक दर्शवणारा संकेतांक कोरलेला असतो आणि इंजेक्टर बदलल्यावर नवा संकेतांक नियंत्रकात भरावा लागतो. म्हणजे गाडी कारखान्याबाहेर पडल्यानंतरही तिचा पर्यायसंच स्थिर राहत नाही. महामार्गावरच्या एखाद्या गॅरेजमधील मिस्त्रीही, कळत नकळत, तो बदलत असतो.

संयोगांची वाढ

‘चालू’ किंवा ‘बंद’ अशा दोनच स्थिती असलेले १० पर्याय घेतले, तर १,०२४ पर्यायसंच होतात. २० पर्यायांचे १०,४८,५७६ संच होतात. ३३ पर्यायांचे संच ८५८ कोटींहून अधिक, म्हणजे पृथ्वीच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरतात. प्रत्यक्षातील प्रणालींत पर्यायांची संख्या याहून कितीतरी अधिक असते. राउटर, दूरचित्रवाणी संच आणि अनेक औद्योगिक नियंत्रकांत वापरल्या जाणाऱ्या लिनक्स कर्नेलमध्ये दहा हजारांहून अधिक पर्याय आहेत.

सगळे संच खरोखरच तपासून पाहिल्याची उदाहरणे विरळ आहेत. जेहिप्स्टर या वेब-आज्ञावली तयार करणाऱ्या साधनाचे २६ हजारांहून अधिक संच युरोपातील संशोधकांनी एकूण एक तपासले. हे साधन एम्बेडेड नसल्यामुळेच ते शक्य झाले. यंत्रात आज्ञावली भरण्याचा वेळ तेथे लागत नव्हता. त्यांतील सुमारे ३६ टक्के संच अयशस्वी ठरले, परंतु या साऱ्या अपयशांच्या मुळाशी पर्यायांचे अवघे सहा सदोष संयोग होते. हजारो अपयशांमागे मोजकी कारणे असतात, या अनुभवावरच पुढे वर्णन केलेल्या पद्धती उभ्या आहेत.

उदाहरण : कृषिपंपाचा स्टार्टर

चांदवडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात विहिरीवरील पंपाला जोडलेला इलेक्ट्रॉनिक स्टार्टर हे एम्बेडेड प्रणालीचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण आहे. शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते. अशा वेळी विहिरीवर जाऊन पंप सुरू करावा लागू नये म्हणून वीज येताच पंप सुरू करणारी ‘ऑटो’ सोय असते. विहिरीतले पाणी खाली गेल्यावर पंप कोरडा फिरू नये म्हणून ‘ड्राय रन’ संरक्षण असते. काही स्टार्टर मोबाईलवरूनही चालू-बंद करता येतात. हे तीन पर्याय धरले, तर त्यांचे आठ संच होतात.

प्रत्येक पर्याय स्वतंत्रपणे निर्दोष असूनही दोन पर्याय एकत्र आल्यावर बिघाड होऊ शकतो. समजा, मध्यरात्री विहीर आटली आणि ड्राय रन संरक्षणाने पंप बंद केला. थोड्या वेळाने वीज गेली आणि पुन्हा आली. पंप कोणत्या कारणाने बंद झाला होता, ही नोंद वीज गेल्यावरही टिकेल अशी व्यवस्था आज्ञावलीत नसेल, तर ‘ऑटो’ला केवळ वीज आल्याचे दिसते आणि तो कोरड्या विहिरीवरचा पंप पुन्हा सुरू करतो. वीज दहा वेळा गेली-आली, तर हे दहा वेळा घडते. ऑटो बंद ठेवून ड्राय रन तपासले तर दोष दिसत नाही. ड्राय रन बंद ठेवून ऑटो तपासला तरी दिसत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ मोटर जळणे आणि ऐन पाण्याच्या पाळीत ती गुंडाळायला टाकावी लागणे असा होतो.

अशा दोषाला पर्यायांची आंतरक्रिया म्हणतात. दूरध्वनी केंद्रांच्या काळापासून हा प्रकार ज्ञात आहे. ‘कॉल वेटिंग’ आणि ‘लाइन व्यग्र असल्यास कॉल दुसरीकडे वळवणे’ या दोन्ही सेवा घेतलेल्या ग्राहकाची लाइन व्यग्र असताना आलेल्या कॉलवर दोन्ही सेवा हक्क सांगतात. कोणती वरचढ ठरावी हे कोणी ठरवलेले नसेल, तर केंद्राचे वर्तन अनिश्चित होते.

स्टार्टरच्या तीन पर्यायांसाठी आठही चाचण्या न करता चार चाचण्यांत प्रत्येक जोडी तपासता येते. पहिल्या चाचणीत ऑटो, ड्राय रन आणि मोबाईल हे तिन्ही चालू ठेवावेत. दुसरीत केवळ ऑटो, तिसरीत केवळ ड्राय रन आणि चौथीत केवळ मोबाईल चालू ठेवावा. यांतील कोणतेही दोन पर्याय घेतले, तरी चालू-चालू, चालू-बंद, बंद-चालू आणि बंद-बंद या चारही स्थिती एकेकदा आलेल्या दिसतात. मात्र या सारणीमुळे केवळ संच ठरतो. पहिल्या चाचणीतही आधी पाणी संपणे, मग वीज जाणे आणि मग वीज येणे हा क्रम घडवून आणला नाही, तर वरील दोष निसटतो. म्हणून एम्बेडेड प्रणालींच्या चाचणीत संचांबरोबर घटनांचे क्रमही निवडावे लागतात. सर्वसाधारण सॉफ्टवेअरसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत या मुद्द्याकडे बरेचदा दुर्लक्ष झालेले आढळते.

जोड्यांच्या चाचणीचा इतिहास

वरील चार ओळींची सारणी हे ‘ऑर्थोगोनल सारणी’चे सर्वांत लहान उदाहरणांपैकी एक आहे. या सारण्यांची गणिती संकल्पना भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी इ.स. १९४७ च्या सुमारास मांडली. मूळ हेतू प्रयोगांची आखणी हा होता. जपानी अभियंते गेनिची तागुची हे इ.स. १९५४-५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत अभ्यागत म्हणून होते. त्यांनी पुढे या सारण्या कारखान्यांतील गुणवत्तेच्या प्रयोगांत रूढ केल्या.

सॉफ्टवेअरच्या चाचणीत या सारण्या आणणाऱ्यांत माधव फडके यांचे नाव महत्त्वाचे आहे. मुंबईच्या आयआयटीतून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेले फडके अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करीत होते. इ.स. १९८० मध्ये तागुची तेथे आले असता दोघांचा संबंध आला आणि प्रथम एकात्मिक परिपथांच्या, म्हणजे चिपच्या, निर्मितीत या पद्धतीचा उपयोग झाला. फडके यांचे या पद्धतीवरील इंग्रजी पुस्तक इ.स. १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. एटीअँडटी कंपनीच्या स्टारमेल या ई-मेल प्रणालीच्या चाचणीसाठी ऑर्थोगोनल सारणी वापरल्याचा वृत्तांत ब्राउनली, प्राऊस आणि फडके यांनी इ.स. १९९२ मध्ये कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात दिला. त्याआधी, इ.स. १९८५ मध्ये, रॉबर्ट मँडल यांनी एडा भाषेच्या कंपायलरच्या चाचणीसाठी याच जातकुळीचे लॅटिन चौरस वापरले होते.

ऑर्थोगोनल सारणीत प्रत्येक जोडी सारख्याच वेळा यावी लागते. शेतातील किंवा कारखान्यातील प्रयोगात मोजमापांची सरासरी काढायची असल्याने ही अट आवश्यक ठरते. सॉफ्टवेअरमध्ये दोष एकदा दिसला तरी पुरतो, म्हणून प्रत्येक जोडी किमान एकदा आली की काम भागते. अट अशी शिथिल केल्यावर मिळणाऱ्या सारणीला ‘आच्छादक सारणी’ म्हणता येईल. तिच्यात ओळी कमी लागतात. दोन स्थितींच्या १० पर्यायांच्या सर्व जोड्या अवघ्या सहा चाचण्यांत बसतात. याहून कमी चाचण्यांत त्या बसू शकत नाहीत, हे इ.स. १९७३ मध्ये काटोना आणि स्वतंत्रपणे क्लाइटमन व स्पेन्सर यांनी केलेल्या गणितातून निष्पन्न होते. या गणितज्ञांसमोर सॉफ्टवेअरच्या चाचणीचा प्रश्न नव्हता. त्याच दहा पर्यायांच्या तीन-तीनच्या गटांत ९६० स्थिती येतात. त्या सर्व १३ चाचण्यांत तपासता येतात. १,०२४ च्या जागी १३ हा आकडा चाचणी करणाऱ्यांना मोहात पाडणारा आहे.

हा मोह कितपत सार्थ आहे, याचे उत्तर गणित देऊ शकत नाही. ते प्रत्यक्ष बिघाडांच्या नोंदींतूनच मिळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील रिचर्ड कून, डोलोरेस वॉलेस आणि अल्बर्ट गॅलो यांनी वैद्यकीय उपकरणे, ब्राउझर, वेब सर्व्हर आणि नासाची एक माहितीप्रणाली यांतील बिघाडांचा अभ्यास इ.स. २००४ मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेक बिघाड एका किंवा दोन घटकांमुळे घडले होते आणि सहापेक्षा जास्त घटक एकत्र यावे लागल्याचे एकही उदाहरण त्यांना आढळले नाही. या संस्थेने टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन येथील शाखेबरोबर तयार केलेले एसीटीएस हे साधन दोनपासून सहापर्यंतच्या संयोगांच्या सारण्या तयार करते आणि ते विनामूल्य उपलब्ध आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ते साध्या संगणकावरही वापरू शकतात.

निषिद्ध संयोग

सर्व संयोग शक्य नसतात. ज्या स्टार्टरमध्ये सिम कार्डाची सोय नाही, त्यात मोबाईलचा पर्याय चालू करता येत नाही. चाचणीच्या सारणीत असा अशक्य संच आला तर ती ओळ वाया जाते. ती नुसती गाळली, तर त्या ओळीतील इतर जोड्याही न तपासलेल्या राहतात. यासाठी पर्यायांमधील नियम आधी लिहून ठेवावे लागतात. कार्नेगी मेलन विद्यापीठातील क्यो कांग आणि सहकाऱ्यांनी इ.स. १९९० मध्ये मांडलेली वैशिष्ट्यवृक्षाची पद्धत यासाठी सर्वत्र वापरली जाते. झाडाच्या फांद्यांप्रमाणे पर्यायांची मांडणी करून कोणता अनिवार्य, कोणता ऐच्छिक, कोणत्यासाठी दुसरा कोणता लागतो आणि कोणते दोन एकत्र नांदू शकत नाहीत हे त्यात दाखवतात. असा वृक्ष तर्कशास्त्रीय सूत्रात रूपांतरित करता येतो आणि एखादा संच वैध आहे की नाही, हे संगणक क्षणार्धात सांगू शकतो.

व्यवहारातील अडचण निराळीच असते. नियम कागदावर एक आणि आज्ञावलीत दुसरे, असे पुष्कळदा घडते. लिनक्स कर्नेलच्या अभ्यासात जर्मनीतील एर्लांगेन येथील संशोधकांना असे भाग सापडले, की जे पर्यायांच्या नियमांनुसार कोणत्याही संचात समाविष्टच होऊ शकत नव्हते. ते लिहिले गेले होते, सांभाळले जात होते आणि कधीही चालत नव्हते. कर्नेलचे स्वयंसेवक पर्यायांचे यादृच्छिक संच निवडून आज्ञावली कंपाइल होते का, हे पाहणारी सोय नियमितपणे वापरतात. कंपाइल होणे ही चाचणीची पहिली पायरी झाली. यंत्रावर ती चालते का, हा त्यानंतरचा प्रश्न.

चाचणीची यंत्रणा

एम्बेडेड सॉफ्टवेअरची स्वयंचलित चाचणी साधारणपणे तीन ठिकाणी होते. प्रथम आज्ञावली नेहमीच्या संगणकावरच चालवतात आणि इंजिन, पंप किंवा ब्रेक यांच्याऐवजी त्यांचे गणिती प्रारूप जोडतात. येथे एका रात्रीत हजारो संच तपासता येतात, पण प्रत्यक्ष चिपचा वेग, स्मृतीची मर्यादा आणि विद्युत संकेतांतील गोंगाट यांचा अनुभव येत नाही. त्यानंतर आज्ञावली खऱ्या नियंत्रकात भरतात आणि त्या नियंत्रकाला खऱ्या इंजिनाऐवजी एक वेगवान संगणक जोडतात. हा संगणक तापमान, वेग, दाब यांचे विद्युत संकेत इतक्या हुबेहूब निर्माण करतो, की आपण गाडीत आहोत असेच नियंत्रकाला वाटावे. या पद्धतीला हार्डवेअर-इन-द-लूप म्हणतात. तारा तुटणे, सेन्सर बंद पडणे, बॅटरीचा दाब उतरणे हे गाडीवर धोक्याचे ठरणारे प्रयोग येथे निर्धास्तपणे करता येतात. तिसरे ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष गाडी.

दुसऱ्या टप्प्यातील बाक महाग असतात आणि नव्या संचासाठी नियंत्रकात आज्ञावली भरायला काही मिनिटे जातात. चाचणी स्वतः काही सेकंदांची आणि तिची तयारी काही मिनिटांची, असे व्यस्त प्रमाण येथे नेहमी दिसते. म्हणून आज्ञावली पुन्हा भरावी लागेल असे पर्याय सारणीत शक्य तितक्या कमी वेळा बदलावेत आणि चालत्या नियंत्रकात बदलता येणारे आकडे त्या दरम्यान बदलून घ्यावेत, अशा रीतीने चाचण्यांचा क्रम लावतात. चालत्या नियंत्रकातील आकडे वाचण्या-बदलण्यासाठी एक्ससीपी हा प्रमाणित संदेशविधी मोटारउद्योगात वापरला जातो.

अपेक्षित उत्तर कोठून आणावे

हजार चाचण्या आपोआप चालवता आल्या, तरी प्रत्येकीचे बरोबर उत्तर माणसानेच लिहायचे ठरले, तर स्वयंचलनाचा लाभ उरत नाही. एक उपाय असा, की गणिती प्रारूप आणि त्यावरून तयार झालेली आज्ञावली यांना तेच निविष्ट देऊन दोन्हींची उत्तरे ताडून पाहावीत. दुसरा उपाय म्हणजे यंत्राने काय करावे, हे संगणकाला वाचता येईल अशा भाषेत लिहून घेणे. या दुसऱ्या दिशेने पुण्यात काम झाले आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने इ.स. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या टाटा संशोधन विकास व आरेखन केंद्रातील संशोधकांनी ईडीटी ही तक्त्यांवर आधारित लेखनपद्धती इ.स. २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. नियंत्रकाकडून असलेल्या अपेक्षा तक्त्याच्या ओळींत, घटनांच्या क्रमासह लिहिल्या, की त्यांतून चाचण्या आणि अपेक्षित उत्तरे आपोआप तयार करता येतात. पंपाच्या उदाहरणातील ‘पाणी संपले, वीज गेली, वीज आली’ असा क्रम अशा तक्त्यात थेट मांडता येतो. याच केंद्रातून इ.स. २००९ मध्ये सी भाषेतील आज्ञावलींसाठी चाचणीची निविष्टे शोधून देणाऱ्या ऑटोजेन या साधनाचे वर्णन प्रसिद्ध झाले होते.

एरियान ५

संच बदलला नाही, पण परिस्थिती बदलली, तरी धोका असतो. ४ जून, इ.स. १९९६ रोजी युरोपचा एरियान ५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आसपास नष्ट झाला. दिशादर्शक यंत्रणेतील सॉफ्टवेअर एरियान ४ मधून तसेच घेतले होते. त्यातील एक भाग एरियान ५ मध्ये उड्डाणानंतर मुळीच आवश्यक नव्हता, तरी तो चालू ठेवला गेला. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जुन्यापेक्षा जास्त असल्यामुळे ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही आणि मुख्य व राखीव अशा दोन्ही यंत्रणा एकाच कारणाने बंद पडल्या. चौकशी समितीच्या अहवालानुसार या यंत्रणेची एरियान ५ च्या मार्गक्रमणाची माहिती देऊन चाचणी झालीच नव्हती. जुन्या अग्निबाणावर ती यशस्वी झाली होती, हेच तिचे प्रमाणपत्र मानले गेले.

फोक्सवॅगन प्रकरण आणि पुणे

एरियानमध्ये चाचणी राहून गेली. फोक्सवॅगन प्रकरणात सॉफ्टवेअरच चाचणी ओळखत होते. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी गाडीत बसवता येणारी मोजमाप उपकरणे घेऊन डिझेल मोटारींचे रस्त्यावरील उत्सर्जन मोजले आणि ते प्रयोगशाळेतील आकड्यांशी जुळेना. १८ सप्टेंबर, इ.स. २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीला नोटीस बजावली. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर असल्याचे कंपनीने मान्य केले.

ते कसे चालत होते, हे जर्मनीतील बोखुम आणि अमेरिकेतील सॅन डिएगो येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी इ.स. २०१७ मध्ये दाखवले. प्रयोगशाळेत गाडी रुळांवर ठेवून ठरावीक वेगचक्रानुसार चालवतात, त्यामुळे कोणत्या सेकंदाला किती अंतर कापले जाईल हे आधीच ठाऊक असते. नियंत्रकात या अंतराच्या वरच्या आणि खालच्या मर्यादेचे वक्र साठवलेले होते. गाडी त्या दोन वक्रांच्या मध्ये राहिली तर ती चाचणीवर आहे असे समजून उत्सर्जन-नियंत्रण पूर्ण चालू राही. वक्राबाहेर गेली की ते शिथिल होई. हे वक्र आज्ञावलीच्या ओळींत नव्हते; ते आकड्यांच्या माहितीत होते. केवळ आज्ञावली वाचणाऱ्याला ते आढळले नसते. या संशोधकांनी हे वक्र शोधणारे स्वयंचलित साधन तयार करून नियंत्रकांच्या ९२६ आज्ञावली-प्रती तपासल्या आणि त्यांपैकी ४०६ प्रतींत अशी संशयास्पद व्यवस्था आढळली. बहुपर्यायी एम्बेडेड सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित विश्लेषणाचे हे बहुधा सर्वांत परिणामकारक उदाहरण म्हणावे लागेल.

भारतात पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, या इ.स. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने कंपनीच्या गाड्यांची तपासणी केली. रस्त्यावर मोजलेले उत्सर्जन त्या वेळी लागू असलेल्या भारत स्टेज ४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. आपल्या गाड्या भारतीय नियमांचा भंग करीत नाहीत, अशी भूमिका घेऊन कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये ईए १८९ प्रकारच्या इंजिनाच्या ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर-दुरुस्तीसाठी स्वेच्छेने परत बोलावण्याचे जाहीर केले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने कंपनीला ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्ध सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

भारतात त्या वेळी वापरल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेतील वेगचक्राचा कालावधी १,१८० सेकंद आणि कमाल वेग ताशी ९० किलोमीटर होता. मुंबई–आग्रा महामार्गावर चांदवड तालुक्यातील राहुड घाट माणसांनी भरलेल्या गाडीने चढताना इंजिन ज्या भाराला आणि तापमानाला सामोरे जाते, तो भाग या चक्रात येतच नाही. नियंत्रकातील तक्त्यांचे जे कोपरे घाटात वापरले जातात, त्यांना प्रयोगशाळेतील चाचणी स्पर्श करीत नव्हती. १ एप्रिल, इ.स. २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांत गाडीवर उपकरणे बसवून प्रत्यक्ष रस्त्यावरचे उत्सर्जन मोजण्याची तरतूद आली. आरंभी ती केवळ माहिती गोळा करण्यापुरती होती, १ एप्रिल, इ.स. २०२३ पासून तिची मर्यादा बंधनकारक झाली.

मर्यादा आणि नवे प्रश्न

आच्छादक सारणी पर्यायांच्या स्थिती तपासते. स्थितींचे गट पाडण्याचे काम मात्र माणसाकडेच राहते. तापमानाचे ‘कमी’ आणि ‘जास्त’ असे दोनच गट पाडले आणि दोष ४७ अंशांच्या आसपास असेल, तर कितीही संयोग तपासून तो सापडणार नाही. एका दोषामुळे यंत्र सुरुवातीलाच थांबले, तर त्या संचातील पुढचे दोष झाकले जातात. बाकावरील तारांचे सैल जोड आणि वेळेतील सूक्ष्म फरक यांमुळे तीच चाचणी कधी उत्तीर्ण, कधी अनुत्तीर्ण होते. अशा चाचण्यांकडे कालांतराने दुर्लक्ष करण्याची सवय लागते आणि तीत खरे दोषही निसटतात.

सॉफ्टवेअर दूरस्थपणे, मोबाईलच्या जाळ्यातून बदलण्याची पद्धत रूढ झाल्यापासून पर्यायसंच विक्रीनंतरही वारंवार बदलू लागला आहे. एकाच प्रकारच्या दोन गाड्यांत वेगवेगळ्या आवृत्त्यांचे वेगवेगळे नियंत्रक असू शकतात आणि नवी आवृत्ती त्या प्रत्येक मिश्रणावर चालावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम क्र. १५६ नुसार उत्पादकाला कोणत्या गाडीत कोणते सॉफ्टवेअर आहे याची नोंद ठेवावी लागते, तसेच बदलाचा मान्यताप्राप्त वैशिष्ट्यांवर परिणाम होतो का हे तपासावे लागते. भारतासाठी याच विषयावर एआयएस-१९० हे वाहन उद्योग मानक तयार करण्यात आले आहे.